अक्षरांच्या रांगेतले हुकूम

दुकानाच्या दर्शनी भागात, रेल्वेच्या फलाटावर किंवा महामार्गाच्या कमानीवर झळकणारा विद्युत संदेशफलक तारेतून आलेला मजकूर दाखवतो, हे त्याचे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे. मजकूर कोणत्या ओळीत दिसावा, तो सरकत जावा की स्थिर राहावा, त्याचा रंग कोणता असावा आणि एकाच तारेवर जोडलेल्या अनेक फलकांपैकी नेमक्या कोणत्या फलकाने तो दाखवावा, या साऱ्या सूचनाही त्याच तारेतून, मजकुराच्या अक्षरांत मिसळूनच फलकापर्यंत पोहोचतात. माणसाने वाचायची अक्षरे आणि यंत्राने पाळायची अक्षरे एकाच रांगेत उभी करायची आणि दोहोंतला फरक ओळखण्याची खूणही अक्षरांतच ठेवायची, ही रीत संगणकाने जन्माला घातलेली नाही. ती तारयंत्राच्या काळात सुरू झाली, दूरमुद्रकाने, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर आपोआप टंकित करणाऱ्या यंत्राने, ती रुळवली आणि संदेशफलकाने ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. या वारशामुळे फलकांची भाषा सोपी व स्वस्त झाली. त्याच वारशामुळे ती रोमन लिपीपुरती अरुंदही राहिली आणि देवनागरीला तिच्यात पाहुण्यासारखे यावे लागले.

या रीतीचे वेगळेपण कळण्यासाठी ती जिथे नव्हती अशा एका फलकाकडे आधी पाहणे उपयोगाचे ठरते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये टाइम्स इमारतीला वेढा घालणारा ‘मोटोग्राफ न्यूज बुलेटिन’ हा धावता बातमीफलक ६ नोव्हेंबर १९२८ रोजी सुरू झाला आणि हर्बर्ट हूव्हर अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्याची बातमी त्याच रात्री त्यावरून फिरली. सुमारे ३८० फूट लांब आणि ५ फूट उंच अशा या पट्ट्यात १४,८०० दिवे होते. दिवे जागच्या जागी राहून आळीपाळीने पेटत आणि विझत असल्यामुळे अक्षरे धावत असल्याचा भास होई. आतल्या खोलीत काम करणारा माणूस छापखान्यातील जुळाऱ्याप्रमाणे अक्षरांचे ठोकळे चौकटीत रचीत असे, त्या चौकटी साखळीच्या फिरत्या पट्ट्यावरून पुढे सरकत आणि ठोकळ्यांचे उंचवटे ज्या विद्युत संपर्कांना भिडत त्यांच्याशी जोडलेले दिवे बाहेर उजळत. १४ ऑगस्ट १९४५ च्या संध्याकाळी जपानच्या शरणागतीची अधिकृत घोषणा चौकात जमलेल्या अफाट गर्दीने वाचली ती याच पट्ट्यावर. या यंत्रात मजकूर होता तो ठोकळ्यांच्या रूपात आणि गती होती ती साखळीच्या. अक्षरे जलद न्यायची तर साखळीचा वेग बदलावा लागे, मजकुरात काही लिहून ते साधत नसे. थोडक्यात, मजकूर आणि हुकूम यांच्या वाटा येथे अजून वेगळ्या होत्या.

त्या एकत्र आल्या त्या तारेच्या टोकाशी बसलेल्या टंकयंत्रात. फ्रेंच तारखात्यातील अभियंता एमिल बोदो याने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षरासाठी विद्युत प्रवाहाच्या पाच घटकांचा एक संच असे आणि प्रत्येक घटक केवळ दोनच अवस्थांत असू शके. पाच घटकांच्या अशा ३२ जुळण्या होतात. रोमन वर्णमालेची २६ अक्षरे त्यांत बसतात, पण अंक आणि विरामचिन्हे बसत नाहीत. यावर काढलेला तोडगा असा की दोन जुळण्या कोणत्याच अक्षराला न देता यंत्राची स्थिती बदलण्यासाठी राखून ठेवायच्या: एकीमुळे पुढची सर्व चिन्हे अक्षरे म्हणून वाचली जातील आणि दुसरीमुळे अंक म्हणून. कागदावर न उमटणारे, पण पुढे येणाऱ्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ पालटणारे चिन्ह अशा रीतीने तारेवर नांदू लागले. त्यातला धोकाही तेव्हाच दिसून आला, कारण ते एक चिन्ह वाटेत बिघडले तर पुढची सारी ओळ अंकांचा आणि स्वल्पविरामांचा कचरा होऊन बाहेर पडे. दळणवळणाचा वेग मोजण्याचे ‘बॉड’ हे एकक याच बोदोच्या नावावरून आलेले असून तारेवरची अवस्था सेकंदाला किती वेळा बदलू शकते, हे त्याने दर्शवले जाते.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डोनाल्ड मरे याने १९०१ च्या सुमारास या संकेतावलीची फेररचना केली. बोदोच्या यंत्रावर कारकुनाला पाच कळा बोटांनी एकदम दाबाव्या लागत, तर मरेने टंकयंत्रासारखा कळफलक आणि कागदी फितीवर भोके पाडणारे यंत्र वापरले. वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमीत कमी भोके लागतील अशी त्याने केलेली मांडणी यंत्राची झीज कमी करणारी होती. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. टंकयंत्राचा गाडा ओळीच्या आरंभाशी परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे, या दोन हालचालींसाठी मरेने स्वतंत्र संकेत योजले. आज संगणकाच्या कळफलकावरील ‘एंटर’ दाबणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेला हा गाडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरा प्रश्न वेळ साधण्याचा होता. पाठवणारे आणि घेणारे यंत्र यांची घड्याळे तंतोतंत जुळली नाहीत तर घेणारा तिसऱ्या घटकाला चौथा समजेल, आणि दूरच्या दोन यंत्रांची घड्याळे तासन्तास जुळती ठेवणे खर्चाचे काम होते. शिकागोत चार्ल्स क्रम आणि त्यांचा मुलगा हॉवर्ड क्रम यांनी, मिठाच्या व्यापारात नाव कमावलेल्या जॉय मॉर्टन यांच्या भांडवलावर, १९१० च्या आसपास जी पद्धत सिद्ध केली तिच्यात प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘आरंभ’ घटक आणि नंतर एक ‘विराम’ घटक जोडलेला असे. घेणारे यंत्र आरंभ घटक येताच आपले घड्याळ नव्याने सुरू करी आणि ते केवळ एका अक्षरापुरते बरोबर चालले तरी पुरे होई. मॉर्टन आणि क्रम यांच्या नावांतून बनलेली ‘मॉर्क्रम’ ही कंपनी पुढे टेलिटाइप कॉर्पोरेशन झाली आणि १९३० मध्ये ती अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या बलाढ्य कंपनीने विकत घेतली. ज्याला आज ‘असमकालिक सीरियल’ दळणवळण म्हणतात, म्हणजे एकाच तारेतून घटकांमागून घटक पाठवणे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा आरंभ व शेवट देणे, ते याच पद्धतीचे रूप आहे. मुद्रणयंत्रांसाठी केलेली ही सोय संदेशफलकाला अगदी सोयीची ठरली, कारण फलकही मुद्रणयंत्राप्रमाणेच बराच काळ गप्प बसतो आणि अचानक येणाऱ्या चार शब्दांसाठी सदैव तयार असावा लागतो.

पाच घटकांची संकेतावली संगणकांना पुरणार नव्हती. अमेरिकन मानक संस्थेच्या समितीने १९६० मध्ये काम सुरू करून १९६३ मध्ये ‘आस्की’ ही सात घटकांची संकेतावली प्रसिद्ध केली आणि १९६७ च्या आवृत्तीत लहान लिपीतील रोमन अक्षरांसह तिला स्थिर रूप दिले. सात घटक म्हणजे सात बिट. त्यांच्या १२८ जुळण्यांपैकी ९५ जुळण्या रिकाम्या जागेसह दिसणाऱ्या चिन्हांना मिळाल्या आणि उरलेल्या ३३ नियंत्रणवर्णांसाठी, म्हणजे न दिसता काम सांगणाऱ्या संकेतांसाठी ठेवल्या गेल्या. एकूण जागेतील चौथा हिस्सा अदृश्य हुकुमांना द्यावा हा निर्णय आजच्या डोळ्यांना उधळपट्टीचा वाटतो, पण तो करणाऱ्यांसमोर दूरमुद्रक, भोके पाडलेली फीत आणि टेलिफोनच्या तारा होत्या. गाडा परत नेणारा आणि ओळ सरकवणारा संकेत येथे आला, घंटा वाजवणाराही आला. त्यांच्या जोडीला शीर्षकाचा आरंभ, मजकुराचा आरंभ, मजकुराचा शेवट आणि प्रेषणाचा शेवट असे पाकिटाच्या कडा दाखवणारे संकेतही आले. आयबीएममधील बॉब बीमर यांनी आग्रहाने मांडलेला ‘एस्केप’ हा संकेत त्यांत सर्वांत दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे. त्याचा स्वतःचा असा अर्थ नाही. यानंतर येणारी साधी अक्षरे नेहमीच्या अर्थाने न घेता हुकूम म्हणून घ्यावीत, एवढेच तो सांगतो. ३३ संकेत संपले तरी हुकूम संपू नयेत याची तजवीज त्याने करून ठेवली.

संकेत कोणते हे ठरले, तरी ते तारेवर किती व्होल्टने आणि कोणत्या टोकातून जावेत हेही ठरावे लागते. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० मध्ये काढलेल्या आणि १९६९ मध्ये ‘आरएस-२३२-सी’ या रूपात रूढ झालेल्या मानकाने संगणक किंवा टंकयंत्र आणि टेलिफोनच्या तारेला जोडणारा मोडेम यांच्यामधला हा करार पक्का केला. त्यात ऋण विद्युतदाब म्हणजे एक आणि धन विद्युतदाब म्हणजे शून्य, अशी नवख्याला उलटी वाटणारी योजना आहे. संदेशफलक या मानकाच्या कर्त्यांच्या मनात कुठेच नव्हता, आणि त्याची किंमत फलक बसवणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षे चुकवली. मानकाने एका टोकाला संगणक आणि दुसऱ्या टोकाला मोडेम गृहीत धरले होते. फलक यांपैकी कोण, हे प्रत्येक कारखानदाराने आपापल्या मनाने ठरवल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या खिळीच्या तारा सरळ जोडायच्या की उलटसुलट, हा प्रश्न दर नव्या जोडणीला सोडवावा लागे. १९८१ च्या आयबीएम पर्सनल संगणकाला सीरियल पोर्ट जोडता येऊ लागला आणि दूरमुद्रकाच्या चाकांचे सारे काम एका चिपमध्ये उतरले, तेव्हा कोणत्याही दुकानातला संगणक फलकाचा धनी होऊ शकेल अशी परिस्थिती तयार झाली.

दिव्यांच्या बाजूनेही तेवढीच तयारी लागणार होती. जनरल इलेक्ट्रिकच्या सिराक्यूज येथील प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड, म्हणजे एलईडी, दाखवला. पुढे हिरवा आला आणि लाल-हिरवे एकत्र पेटवून पिवळसर केशरीही साधू लागला. निळ्याची वाट मात्र दीर्घकाळ पाहावी लागली. जपानमधील निचिया कंपनीत शूजी नाकामुरा यांनी पुरेसा तेजस्वी निळा डायोड १९९३ मध्ये घडवला आणि या कामासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना, इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांना मिळाले. टाइम्स स्क्वेअरच्या त्या जुन्या पट्ट्यावरील दिव्यांची जागाही १९९७ मध्ये एलईडींनी घेतली.

या दोन प्रवाहांचा संगम तपशिलाने पाहायचा तर अमेरिकेतील मिल्वॉकी येथील अ‍ॅडाप्टिव्ह मायक्रो सिस्टिम्स या कंपनीच्या ‘अल्फा’ फलकांची भाषा हे उत्तम उदाहरण ठरते, कारण कंपनीने ती छापील नियमावलीच्या रूपाने खुली ठेवली आणि ‘बीटाब्राइट’ नावाच्या तिच्या स्वस्त फलकामुळे ती कारखान्यांपासून हौशी मंडळींपर्यंत पसरली. ७ ओळी आणि ८० स्तंभ, म्हणजे ५६० ठिपके, एवढाच बीटाब्राइटचा पसारा होता. दूरनियंत्रकाच्या लहान कळफलकावरूनही त्यात मजकूर भरता येई, पण त्याच्या पाठीवरच्या टेलिफोनसारख्या खाचेतून सीरियल तार जोडली की तो संगणकाचे ऐकू लागे.

या भाषेतला प्रत्येक हुकूम एका पाकिटात येतो. आरंभी किमान पाच शून्यवर्ण पाठवतात. त्यांचा अर्थ काहीच नसतो, पण त्यांतले सगळे बिट शून्य असल्याने तारेवर ठरावीक लांबीचे स्पंद उमटतात आणि त्यांची लांबी मोजून पाठवणाऱ्याचा वेग कोणता, हे फलक स्वतः ओळखतो. मग आस्कीतला ‘शीर्षकाचा आरंभ’ हा संकेत, त्यामागून फलकाचा प्रकार सांगणारे एक अक्षर आणि दोन अंकी पत्ता येतो. प्रकाराच्या जागी ‘झेड’ आणि पत्त्याच्या जागी दोन शून्ये असली तर तारेवरच्या प्रत्येक फलकाने ऐकावे, असा अर्थ होतो. पुढे ‘मजकुराचा आरंभ’, मग हुकुमाचे अक्षर, मग सामग्री आणि अखेरीस ‘प्रेषणाचा शेवट’. हुकुमाचे अक्षर ‘ए’ असेल तर मजकूर साठवायचा, ‘बी’ असेल तर साठवलेला मजकूर परत वाचून दाखवायचा, ‘ई’ असेल तर घड्याळ लावणे किंवा स्मृतीची वाटणी करणे यांसारखी घरगुती कामे करायची. सामग्रीच्या आत बीमर यांचा ‘एस्केप’ भेटतो: त्याच्या मागून ओळीची जागा सांगणारे एक चिन्ह आणि हालचाल सांगणारे एक अक्षर येते, ज्यात लहान लिपीतील ‘ए’ म्हणजे सरकत जाणे, ‘बी’ म्हणजे स्थिर राहणे आणि ‘सी’ म्हणजे उघडझाप करणे. रंगांसाठी आणखी एक नियंत्रणवर्ण आणि त्यामागून एक अंक: १ लाल, २ हिरवा, ३ केशरी. मंद लाल, मंद हिरवा, तपकिरी, नारिंगी, पिवळा अशी ही यादी पुढे वाढत जाते, पण तिच्यात निळा सापडत नाही. ज्या काळात ही भाषा घडली त्या काळातल्या डायोडांची मर्यादा तिच्या शब्दसंग्रहात अशी गोठून राहिली, आणि निळ्यासह सर्व रंगांची सोय नंतर सहा अंकांच्या वेगळ्या पुरवणीने करावी लागली. धूम्रपान करू नका, दारू पिऊन गाडी चालवू नका अशा तयार चलच्चित्रांसाठीही एकेक अक्षर राखून ठेवलेले आहे. आतषबाजी आणि फुटणारा बॉम्बही तिथेच आहेत, यावरून कारखानदाराने आपले गिऱ्हाईक कोण समजले होते याचा अंदाज येतो.

वेगाचा हिशोब येथे करून पाहण्यासारखा आहे. ५० बॉडने चालणारा, पाच बिटांचा दूरमुद्रक आरंभ आणि विराम धरून सेकंदाला सहा-सात अक्षरे छापत असे; आस्की बोलणारे ‘मॉडेल ३३’ हे टेलिटाइप ११० बॉडने बरोबर १० अक्षरे छापी. बीटाब्राइट ९६०० बॉडने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक अक्षराला एक आरंभ बिट, सात अक्षरबिट, एक विराम बिट आणि एक ‘पॅरिटी’ बिट लागतो. पॅरिटी म्हणजे पडताळ्याचा बिट: अक्षरातील एकांची संख्या सम राहील अशा बेताने तो शून्य किंवा एक ठेवला जातो, म्हणजे वाटेत एखादा बिट उलटला तर संख्या विषम होऊन चूक कळते. असे दहा बिट धरले की सेकंदाला ९६० अक्षरे होतात. वेग शंभराहून अधिक पटींनी वाढला, तरी अक्षराची बांधणी क्रम पितापुत्रांनी ठरवली होती तीच राहिली.

या भाषेत एक खास शहाणपणाची गोष्ट आहे आणि ती सहसा दुर्लक्षिली जाते. साठवलेला मजकूर बदलायचा झाला की फलक क्षणभर कोरा होतो, सारे पुन्हा मांडतो आणि मग दाखवू लागतो. दिवसातून एकदा बदलणाऱ्या जाहिरातीत हे खपते, पण दर सेकंदाला बदलणाऱ्या तापमानात, उत्पादनाच्या आकड्यात किंवा शेअरच्या भावात हे चालत नाही. म्हणून स्थिर मजकुराच्या पोटात बदलत्या मजकुरासाठी एक खिडकी ठेवायची सोय केली गेली. खिडकीत दिसणारी अक्षरे वेगळ्या छोट्या कप्प्यात राहतात आणि ‘जी’ या हुकुमाने बाकीच्या ओळीला धक्का न लावता बदलता येतात. याच्या जोडीला एक अग्रक्रमाचा कप्पाही आहे, ज्यात काही लिहिताच बाकीचे सारे संदेश मागे पडतात आणि तो रिकामा करताच ते पूर्ववत सुरू होतात. आगीची किंवा यंत्र बंद पडल्याची सूचना देण्यासाठी कारखान्यांत ही सोय उपयोगी पडते. ज्या संगणकांना नियंत्रणवर्ण पाठवताच येत नाहीत त्यांच्यासाठी तेच हुकूम कंस आणि अंक यांसारख्या दृश्य चिन्हांच्या जोडीने लिहिण्याची पर्यायी पद्धतही नियमावलीत दिलेली आहे.

एका तारेवर अनेक फलक जोडण्यासाठी आरएस-२३२ उपयोगाचे नव्हते, कारण ते दोन यंत्रांपुरते आणि काही मीटरपुरतेच मर्यादित होते. १९८३ मध्ये आलेल्या आरएस-४८५ या मानकात एकाच संकेतासाठी दोन तारांची जोडी असते आणि घेणारा त्या दोहोंतला फरक पाहतो, त्यामुळे कारखान्यातील मोटारींचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडून आपोआप वजा होतो. सुमारे १२०० मीटरपर्यंत आणि एका जोडीवर ३२ यंत्रांपर्यंत ही व्यवस्था चालते. पाकिटातल्या दोन अंकी पत्त्याला खरा अर्थ येतो तो या तारेवर: हुकूम प्रत्येकाच्या कानी पडतो, पाळतो मात्र ज्याचे नाव घेतले तोच.

नाव घेणारा कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. पाकिटाच्या शेवटी बेरजेचा पडताळा जोडता येतो आणि बेरीज चुकल्यास फलक ते पाकीट सोडून देतो, पण हा बंदोबस्त गोंगाटाविरुद्ध आहे, लबाडीविरुद्ध नाही. तारेला हात लावू शकणारा माणूस विश्वासाचाच असणार, हे तारकचेरीतले गृहीतक येथे जसेच्या तसे उतरले. दुकानात त्याने बिघडत नाही, महामार्गावर बिघडू शकते. जानेवारी २००९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात रस्त्याकडेच्या तात्पुरत्या फलकाशी कोणीतरी छेडछाड करून पुढे झोम्बी, म्हणजे चालती प्रेते, असल्याचा इशारा वाहनचालकांना दिला होता. ती खोडी फलकाच्या स्वतःच्या कळफलकावरून झाली होती, तरी दोष त्याच भाबडेपणाचा होता. १९९० च्या दशकात अमेरिकेतील वाहतूक खात्यांसाठी घडवल्या गेलेल्या ‘एनटीसीआयपी’ या मानककुलात मात्र संदेश साठवणे आणि संदेश प्रकट करणे ही दोन वेगळी कामे ठेवली गेली. प्रकट करण्याच्या हुकुमात मुदत, अग्रक्रम आणि साठवलेल्या मजकुराचा पडताळा-अंक द्यावा लागतो, आणि तो जुळला नाही तर फलक नकार देतो. या मानकातील मजकुराच्या भाषेने नियंत्रणवर्णही सोडून दिले. नवी ओळ, नवे पान, उघडझाप या साऱ्यांसाठी चौकटी कंसात दोन रोमन अक्षरे लिहायची, एवढीच तिची रीत आहे. हुकूम डोळ्यांना दिसू लागले, तरी ते मजकुराच्या रांगेतून काही बाहेर पडले नाहीत.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा इतिहास लिपीच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. मुंबईच्या उपनगरी फलाटांवर ‘इंडिकेटर’ म्हणून ओळखला जाणारा फलक गाडीचे ठिकाण, वेळ, जलद की धीमी आणि डब्यांची संख्या दाखवतो आणि तो मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत आळीपाळीने बोलावा अशी अपेक्षा असते. सात बिटांच्या संकेतावलीत देवनागरीला जागाच नव्हती. शिवाय सात ओळींच्या ठिपक्यांत रोमन अक्षर सुखाने बसते. देवनागरीत मात्र एक ओळ शिरोरेषा घेते, वेलांटी, मात्रा आणि रफार तिच्या वर जागा मागतात, उकार खाली उतरतात आणि जोडाक्षरे मधल्या तीन-चार ओळींत गुदमरतात. वाचनीय देवनागरीसाठी १६ ओळींचा फलक घेण्याचा प्रघात याच कारणाने पडला. दूरमुद्रकाच्या काळातही हीच अडचण निराळ्या रूपात होती. १९४८ मध्ये मुंबईत शिवराम शंकर आपटे यांनी स्थापन केलेल्या ‘हिंदुस्थान समाचार’ या वृत्तसंस्थेने देवनागरी दूरमुद्रकाचा पुरस्कार केला, तेव्हा मराठी-हिंदीची वर्णमाला, मात्रा आणि जोडाक्षरे बोदोच्या ३२ जुळण्यांच्या दुहेरी तक्त्यात तडजोड करूनच बसवावी लागली होती.

अल्फाच्या भाषेत देवनागरी दाखवण्याचा एक मार्ग आहे, तो चित्राचा. ‘आय’ या हुकुमामागून चित्राची उंची आणि रुंदी सांगायची आणि मग प्रत्येक ठिपक्यासाठी एक अंक पाठवायचा, शून्य म्हणजे विझलेला आणि १ म्हणजे लाल. प्रत्येक ओळीच्या शेवटी यायचा तो मरेचा गाडा परत नेण्याचा संकेत. गाडा उरलेला नसला तरी हुकूम उरला आहे. ७ ओळी आणि ८० स्तंभांचे पूर्ण चित्र पाठवायला ५६० अंक आणि ७ गाडा-संकेत, असे ५६७ वर्ण लागतात, म्हणजे ९६०० बॉडने अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ. वेळ फारसा नाही, पण चित्र पाहणाऱ्या फलकाला त्यात अक्षरे आहेत याची गंधवार्ताही नसते. त्यामुळे चित्रातला एखादा शब्द त्याला बदलता येत नाही, आणि वर सांगितलेली खिडकीची सोयही अक्षरांनाच मिळते. स्थानकाचे नाव चित्र म्हणून आधीच साठवून ठेवायचे, ओळीत ते एका अक्षराने बोलवायचे आणि शेजारी मिनिटांचे अंक खिडकीत बदलत ठेवायचे, अशी जोडरचना करता येते, पण ते अंक रोमन वळणाचे असतात. देवनागरी अंक हवे असतील तर दहा चित्रे आणखी साठवायची.

देवनागरीला अक्षर म्हणून तारेवर आणण्याचे काम भारतात झाले ते ‘इस्की’ या संकेतावलीने, जिचे रूप भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये निश्चित झाले आणि जिच्या प्रसारात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा होता. आठ बिटांच्या २५६ जागांपैकी खालच्या अर्ध्यात आस्की तशीच ठेवून वरच्या अर्ध्यात ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची समाईक वर्णमाला तिने बसवली. ‘मुंबई’ हा शब्द त्यात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशा पाच संकेतांत मावतो. कोणत्या लिपीत दाखवायचे, हे ठरवणारा एक खास संकेत २३९ व्या जागी होता: त्यामागून आलेला संकेत पुढची अक्षरे देवनागरी, बंगाली, तमिळ यांपैकी कोणती, हे सांगे आणि ठळक, तिरपे, अधोरेखित असे अलंकारही त्याच वाटेने येत. बोदोच्या स्थिती बदलणाऱ्या चिन्हांचा हा थेट वारस होय. भारतीय मानकाच्या कर्त्यांपुढे तारयंत्राचा नमुना नसता तर त्यांनी लिपी बदलण्यासाठी वेगळी व्यवस्था शोधली असती का, हा प्रश्न विचारता येतो, परंतु आठ बिटांच्या जागेत दुसरे काही करणे अवघडच होते.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतली आणि प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिल्यामुळे लिपी बदलण्याचा हुकूम अनावश्यक ठरला. युनिकोड मजकूर ठिपक्यांत रूपांतरित करण्याचे काम अनेक ठिकाणी नियंत्रण खोलीतला संगणक करतो आणि फलकाकडे तयार चित्र जाते. तरीही अदृश्य संकेत मराठीच्या रांगेतून पूर्णपणे गेलेले नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र, म्हणजे ज्याला डोळ्याच्या पापणीसारखा आकार आहे तो, लिहिण्याची एक जुनी पण अजूनही आढळणारी रीत अशी आहे की र आणि हलन्त यांच्यामागून ‘शून्य रुंदीचा जोडक’ हा न दिसणारा संकेत ठेवायचा. पुढच्या अक्षरावर रफार न देता अर्धा र वेगळा दाखवावा, असे तो चित्र बनवणाऱ्या प्रणालीला सांगतो. ती प्रणाली मराठी नजरेसमोर ठेवून लिहिलेली नसेल आणि तिने हा संकेत निरर्थक समजून गाळला, तर घाटाच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ उमटतो.